एका नावाला एक घटका

दिवाळी तोंडावर आली, की आमच्या नाशिकच्या मेन रोडवर आणि रविवार कारंज्याच्या आसपास चालायला वाट राहत नाही. आकाशकंदील तयार मिळतो, फराळ तयार मिळतो, किल्ल्यावरचे मावळे मिळतात आणि हल्ली तर रांगोळीसुद्धा उंबऱ्याला चिकटवायच्या पट्टीच्या रूपाने घरी येते. अशा दिवसांत घरी बसून शुभेच्छापत्रे करायची, म्हणजे ठसे उमटवायचे, कागद कातरायचे, घड्या घालायच्या आणि डिंकाने चिकटवत बसायचे, हा उद्योग कोणाला रिकामटेकडेपणाचा वाटला तर नवल नाही. पण गेल्या काही वर्षांत ही हौस पुष्कळ घरांत शिरली आहे. आमच्याही घरात शिरली आहे. जेवणाच्या टेबलावरून कात्री, डिंकाची बाटली आणि ठशांच्या डब्या हलविल्याखेरीज ताटे मांडता येत नाहीत! तेव्हा यंदा या सदरात तिचाच थोडा विचार करू.

जुन्या छापील पत्रांवर ‘दीपावलीचे अभीष्टचिंतन’ असे शब्द असत. मराठी शिकविणाऱ्या बाईला शब्द दिसला, की तो उलगडून पाहण्याची खोड असते. अभीष्ट म्हणजे मनापासून हवेसे वाटणारे. त्याचे चिंतन म्हणजे, समोरच्या माणसाला मनातून काय हवे आहे याचा क्षणभर विचार करून ते त्याला लाभो असे म्हणणे. या सामासिक शब्दातले पहिले पद छापता येते. दुसरे मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते. आणि तेही एका वेळी एकाच माणसासाठी. शंभरजणांचे चिंतन एकदम करता येत नाही.

गंमत अशी, की छापील शुभेच्छापत्राचा जन्मच मुळी वेळ वाचविण्यासाठी झाला. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत कोठेही पत्र जाऊ लागले आणि लोकांच्या टेबलांवर पत्रांचे ढीग साचू लागले. ती टपालयोजना उभी करण्यात ज्यांचा हात होता, त्या हेन्री कोल यांनाच नाताळच्या पत्रांना उत्तरे लिहिणे अशक्य होऊन बसले. तेव्हा त्यांनी १८४३ साली जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले आणि त्याच्या हजार प्रती छापल्या. किंमत एक शिलिंग. कोणाला आणि कोणाकडून, एवढे लिहिण्यापुरती जागा रिकामी. चित्रातले रंग मात्र प्रत्येक प्रतीवर हातानेच भरलेले होते. म्हणजे पहिले छापील पत्रसुद्धा अर्धे हाताचेच होते म्हणायचे.

आपल्याकडे ही पद्धत आली आणि आपल्या सणांना तिने छान जुळवून घेतले. दिवाळीची पत्रे जात. संक्रांतीला पत्राच्या पोटात कागदाच्या चिमुकल्या पुडीतून चिमूटभर तिळगूळ जाई. तो पोहोचेपर्यंत त्याचा भुगा झालेला असे, पण तो तोंडात टाकल्यावाचून कोणी राहत नसे. मग टेलिफोन आले, पुढे मोबाइल आला. आता एका बोटाने अडीचशे जणांना एकाच क्षणी शुभेच्छा जातात आणि तितक्याच वेगाने अडीचशे परत येतात. त्यात वाईट काही नाही. बातमी कळवायला, खुशाली विचारायला त्यासारखे साधन नाही. पण ज्याला तो संदेश मिळतो, त्याला एक गोष्ट कळून चुकलेली असते: यात आपण अडीचशेतले एक आहोत.

छापील पत्राला नावे ठेवण्याचेही कारण नाही. गिरगावातल्या खाडिलकर रोडवरची लग्नपत्रिकांची दुकाने पाहा. त्या कामावर किती घरे चालली आहेत! आणि काही छापील पत्रांमागेही एक खरा हात असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या एका खेड्याला युनिसेफची मदत मिळाली. तिथल्या यित्का सामकोवा या सात वर्षांच्या मुलीने आभारादाखल नाचणाऱ्या मुलांचे एक चित्र काढून पाठविले. कागद मिळेना, म्हणून ते तिने काचेवर रंगविले होते. १८४३ मध्ये पत्र निघाले ते लिहिण्याचे टाळण्यासाठी. १९४९ मध्ये युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र निघाले ते या मुलीला काही सांगायचे होते म्हणून. प्रश्न छापील की हाताचे हा नाही. मागे कोणी आहे की नाही, हा आहे.

ठशाचेही तसेच. ठसा ही काही परदेशी टूम नव्हे. ठसा, छाप, शिक्का, मोहोर, मुद्रा असे किती शब्द आपल्यापाशी आहेत! एखाद्याची छाप पडते, एखादी गोष्ट मनावर ठसते आणि निर्णय पक्का झाला, की त्यावर शिक्कामोर्तब होते. या शेवटच्या शब्दात तर पत्रलेखनाची सगळी रीतच दडलेली आहे. शिवाजीमहाराजांच्या पत्रांत माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपताच खाली मोर्तब असे. ‘येथे ही मर्यादा शोभते’ अशा अर्थाचा तो लहानसा शिक्का. त्याच्या खाली कोणी एक अक्षर वाढवू नये, यासाठी ती योजना. हे माझे आहे आणि एवढेच आहे, असे तो ठसा सांगत असे.

आम्हा नाशिककरांना तर ठशांचा अभिमान वाटायला आणखी एक कारण आहे. पूर्वी भारताची टपाल तिकिटे लंडनहून छापून येत. १९२६ पासून ती नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली. स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट, २१ नोव्हेंबर १९४७ चे, तिरंग्याचे आणि ‘जयहिंद’ असे लिहिलेले, ते इथलेच. पण त्याहूनही जुन्या तिकिटांची गोष्ट आपल्या आजच्या विषयाला जवळची आहे. १८५२ साली सिंध प्रांतात जी तिकिटे निघाली, त्यांतली चित्रे शाईने छापलेली नव्हती. ठशाने दाबून उठविलेली होती. लाल लाखेची होती ती तडकू लागली. मग पांढऱ्या कागदावर पांढरीच उठविली, ती अंधूक उजेडात दिसेनात. म्हणून पुढे निळी काढली. १८५४ साली कलकत्त्याला छापलेल्या तिकिटांच्या कडेला भोके नसत, ती कात्रीने कापून घ्यावी लागत. त्यांतले चार आण्यांचे तिकीट अष्टकोनी होते. पुष्कळांनी ते आठही बाजूंनी कातरून लावले! म्हणजे ठसा उठविणे आणि आकार कातरणे, ही जी दोन कामे आमची मुले आज हौसेने करतात, ती पत्राच्या पाठीवर पावणेदोनशे वर्षे चालत आली आहेत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रथम कागद. बाजारातला जाड कार्डाचा कागद चालतो. पण हातकागद मिळाला तर अधिक बरा. पुण्याला १९४० साली हातकागदाची संस्था निघाली. त्याच्या शेकडो वर्षे आधीपासून खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला कागद होत असे. आपल्या जुन्या दप्तरांत तो अजून टिकून आहे. सुती चिंध्यांपासून केलेला हा कागद शाई ओढून घेतो, त्यामुळे ठसा किंचित पसरतो. तो दोष समजू नये. घडी घालण्यापूर्वी पट्टी धरून, रिकाम्या झालेल्या बॉलपेनाने एक रेघ दाबून ओढावी. घडी सरळ पडते आणि कडेला कागद फुटत नाही.

ठशासाठी पैसे खर्च करण्याची गरज नाही. भेंडी आडवी कापली, की फुलाचा ठसा तयार! बटाट्याचा करायचा असेल तर चिरलेली बाजू पाचसात मिनिटे फडक्यावर पालथी ठेवावी, पाणी निघून जाते. मग पणती कोरावी आणि स्पंजाने पातळ रंग लावावा. टिकाऊ ठसा हवा असेल तर खोडरबरावर कोरावा. अक्षर उलटे कोरावे लागते, पण त्याची धास्ती नको. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने शब्द सरळ लिहावा, कागद रबरावर पालथा ठेवून नखाने घासावा, की अक्षरे आपोआप उलटी उमटतात.

कातरकामाचे साधन म्हणजे डाय. छापखान्यातली डाय पाहिली आहे का? प्लायवुडच्या फळीत हव्या त्या आकाराची चीर पाडतात आणि तीत धारदार पोलादी पट्टी वाकवून बसवितात. शेजारी रबराचे तुकडे असतात, ते कापलेला कागद बाहेर ढकलतात. जिथे नुसती घडी हवी तिथे किंचित बुटकी, बोथट पट्टी असते. घरगुती यंत्रात हेच काम पातळ धातूची नक्षी आणि दोन रूळ करतात. यंत्र नसेल तर जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा साचा कापावा आणि त्यावरून बारीक पात्याने कागद कोरावा. खाली एखादे जाड पुठ्ठे ठेवावे. पात्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे. मुलांसाठी कागदाची दुहेरी घडी आणि अर्ध्या पणतीची रेघ पुरे. कातरून उलगडली, की दोन्ही बाजू सारख्या. कोरलेल्या खिडकीमागे आकाशकंदिलाचा उरलेला पिवळा जिलेटिन कागद लावला, तर ज्योत पेटल्यासारखी दिसते.

आपल्या लिपीची एक सोय इथे कळते. रोमन अक्षरे कापली, की एकेक सुटी होऊन पडतात. देवनागरीतला शब्द शिरोरेषेला धरून लोंबकळतो, अख्खा हातात येतो. अनुस्वाराचे टिंब तेवढे सुटून हरवते. ते शोधत घरभर फिरावे लागते!

माझी मुलगी म्हणते, “आई, यंत्र घेऊ या. सगळ्यांकडे आहे.” ‘सगळ्यांकडे’ याचा अर्थ दोन मैत्रिणींकडे, हे आयांना सांगायला नको. आमच्या वसाहतीत चार घरांनी मिळून एकच घेतले आहे. ते काही हजारांचे यंत्र वर्षातले अकरा महिने झोपलेले असते, तेव्हा एक पुरे झाले. पण खरा धोका पैशांचा नव्हे. यंत्र आले, की एका संध्याकाळी साठ पणत्या कापून होतात. साठ पणत्या झाल्या, की साठ पत्रे होतात; मग साठ नावे शोधली जातात आणि हेन्री कोल यांचाच हिशेब आपल्या घरात, डिंक लावून, पुन्हा सुरू होतो.

म्हणून आम्ही घरात एक नियम केला आहे: एका नावाला एक घटका. जुन्या कालमापनातली घटका चोवीस मिनिटांची. आधी नाव ठरवायचे, मग कागद हातात घ्यायचा, उलटे नाही. दिवाळीपूर्वीच्या धांदलीत एका घराला अशा दहाबारा घटकाच सापडतात. तेव्हा दहाबाराच नावे. यादी करायला बसलो, तेव्हा पहिल्या दिवशी घरात वादच झाला. कोणाला गाळायचे? गाळता गाळता कळले, की ज्यांचे संदेश रोज येतात त्यांना पत्राची निकड नाही. ज्यांच्यापर्यंत आपले दुसरे काहीच पोहोचत नाही, त्यांना आहे. सटाण्याकडच्या एका आत्याबाई, नुकतीच सासरी गेलेली भाची, वर्षभरात घरचे माणूस गेल्यामुळे ज्यांच्याकडे दिवाळी नाही असे एक कुटुंब. त्यांच्या पत्रावर पणती नको, नुसते एक बकुळीचे फूल आणि दोन ओळी. असे पत्र बाजारात मिळत नाही. छापणाऱ्याला ते घर ठाऊक नसते.

या यादीत मला एम. ए.ला शिकविणारे सर होते. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांना जवळजवळ दिसत नाही. त्यांच्यासाठी रंग कशाला? जाड पांढरा हातकागद घेतला, पणतीची कड डायने कापली आणि मोठ्या अक्षरांचा साचा खाली ठेवून क्रोशाच्या सुईच्या बोथट टोकाने घासून ‘नमस्कार’ हा शब्द उठविला. पांढऱ्यावर पांढरा, त्या सिंधच्या तिकिटासारखा. पुढे त्यांच्या सूनबाईंचा फोन आला. त्या वाचून दाखविणार, तोच सर म्हणाले, “थांब गं, मला पाहू दे.” शिरोरेषेवरून बोट फिरवीत त्यांनी एकेक अक्षर चाचपले आणि म्हणाले, “नमस्कार आहे. आणि ‘स्का’चे जोडाक्षर बरे जमले आहे.” निवृत्त होऊन वीस वर्षे झाली, तरी गुण देणे सुटलेले नाही! पण त्या एका शेऱ्यासाठी मी पुढची दहा वर्षे अक्षरे उठवीन.

टपालात टाकण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या. पाकिटाचे वजन वीस ग्रॅमच्या आत राहिले, तर पत्र पहिल्या टप्प्याच्या तिकिटात जाते. किराणावाल्याच्या काट्यावर ते पाहता येते. आणि मणी, बटणे, टिकल्यांचे डोंगर आत रचू नयेत. टपालाचा शिक्का जोरात बसतो. त्याखाली फुगलेल्या पत्राचे हाल होतात. पत्र निघण्याची वेळही आधीची धरावी, वसुबारसेच्या आठ दिवस आधीची. भाऊबिजेनंतर पोहोचलेले पत्रही कोणी परत करीत नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि शेवटी आतल्या पानावर छापील ओळ नको. त्या माणसाच्या नावाने सुरुवात करून दोनच वाक्ये लिहावी. त्यांतले एक तरी असे असावे, की दुसऱ्या कोणाला पाठविता येणार नाही. अक्षर वाईट असले तरी चालेल. मग खाली आपली सही करावी. तेच आपले मोर्तब. त्याच्या खाली आणखी काही लिहू नये.