तळघरातली बाळं

ओहायोत ऑनसाइट होतो तेव्हाची गोष्ट. २०२३चा हिवाळा. साठी उलटलेल्या एका बाईंच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. कपडे धुवायचं मशीन तळघरात. पहिल्याच शनिवारी कपड्यांचा गठ्ठा घेऊन खाली उतरलो, तर टेबलावर एक छोटा ओव्हन चालू होता आणि काचेच्या आत एक डोकं. तान्ह्या बाळाचं, डोळे मिटलेलं. शेजारी दोन इवलेसे हात.

खोटं कशाला सांगू, जाम टरकली. मागून घरमालकीणबाईंचा आवाज आला, "अजून दोन मिनिटं आहेत तिची." मग माझा चेहरा बघून त्या खो-खो हसायला लागल्या. बहुतेक प्रत्येक भाडेकरूच्या बाबतीत हा सीन होत असणार.

तर मंडळी, या बाहुल्यांना 'रीबॉर्न' म्हणतात. हुबेहूब तान्ह्या बाळासारख्या दिसणाऱ्या बाहुल्या. बाईंकडे अशा चौदा होत्या. काही विकत घेतलेल्या, दोन-तीन स्वतः केलेल्या आणि एक ओव्हनमध्ये.

नंतरच्या तीन महिन्यांत मी हा उद्योग अगदी जवळून पाहिला. इंजिनिअर माणूस, प्रोसेस दिसली की थांबतोच. व्हिनाइलचे कोरे भाग मिळतात: डोकं, हात, पाय. त्यावर पातळ, पारदर्शक रंगाचे थरावर थर द्यायचे. आधी कातडीखालच्या शिरांचा निळसर रंग, मग लालसर ठिपके, मग पिवळट झाक. प्रत्येक थर साधारण १३० अंश सेल्सिअसला आठ-दहा मिनिटं भाजायचा, की पक्का होतो. असे पंधरा-वीस थर तर सहज. मग डोक्यावर अंगोरा बकरीचे केस, बारीक खाचेच्या सुईने एकेक करून रोवायचे. यातच कित्येक दिवस जातात. धड कापडाचं, आत बारीक काचेचे मणी. डोक्यातही वजन भरतात, म्हणजे उचललं की मान मागे पडते, खऱ्या बाळाची पडते तशी. काहींच्या तोंडात लोहचुंबक असतं, त्याला चोखणी चिकटते. साध्या बाहुलीला काहीशे डॉलर, नावाजलेल्या कलाकाराच्या किंवा पूर्ण सिलिकॉनच्या बाहुलीला काही हजार.

हे इंटरनेटने आणलेलं नवं खूळ आहे असंही समजू नका. रीबॉर्न हा प्रकार अमेरिकेत १९९०च्या आसपास सुरू झाला, पण हौस जुनी आहे. लंडनच्या १८५१च्या महाप्रदर्शनात मोन्तानारी घराण्याच्या मेणाच्या बाहुल्यांना पदक मिळालं होतं. १९२०च्या दशकात ग्रेस स्टोरी पुटनम नावाच्या अमेरिकन बाईंनी तीन दिवसांच्या बाळाचा चेहरा समोर ठेवून 'बाय-लो बेबी' घडवली आणि ती एवढी खपली की तिला 'मिलियन डॉलर बेबी' म्हणायला लागले.

एकदा बाईंनी एक बाहुली माझ्या हातात दिली. आणि गंमत बघा, माझा डावा हात आपोआप तिच्या मानेखाली गेला. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला मूल नाही, लहान मुलांचा अनुभव म्हणजे ताईच्या पोराला सहा महिन्यांचा असताना दोनदा उचललेलं, बस्स. पुढच्याच सेकंदाला तिचा गाल माझ्या मनगटाला लागला. थंडगार. अंगावर काटा आला.

जपानी रोबॉटिक्सतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली एका लेखात हेच मांडलं होतं. वस्तू माणसासारखी दिसायला लागली की आपल्याला आवडत जाते, पण अगदी माणसासारखी झाली आणि कुठेतरी किंचित कमी पडली, की आवड एकदम दरीत कोसळते. त्यांचं एक उदाहरण कृत्रिम हाताचं आहे. लांबून खरा वाटणारा हात हातात घ्यावा आणि तो गार लागावा. माझ्या मनगटाने तो लेख न वाचताच समजून घेतला.

त्याच संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. मला हुक्की आली, बाहुली कॅमेऱ्यासमोर धरली. आई म्हणाली, "अगं बाई! कोणाचं रे हे? किती गोड! टोपडं घाला म्हणावं, गार असेल तिकडे." मी सांगितलं, बाहुली आहे. आईचा चेहरा झर्रकन बदलला. "ठेव. आधी खाली ठेव ते. आणि हात धू." दहा सेकंदांत माया ते किळस. बाहुली तीच, बदलली ती फक्त माहिती.

मग मी एक गाढवपणा केला. फोटो काढला आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, खाली काहीतरी फालतू जोक. धडाधड हसरे चेहरे आले. 'अमेरिकन लोकांना कामं नाहीत', 'डॉक्टरला दाखवा म्हणावं', वगैरे. मजा आली.

अर्ध्या तासाने वहिनीचा, म्हणजे चुलत भावाच्या बायकोचा, वेगळा मेसेज आला. एकच ओळ. "वजन किती आहे तिचं?"

मी लिहिलं, सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलो.

"बरं."

एवढंच. आणि मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. पाच वर्षांपूर्वी वहिनीची मुलगी आठव्या महिन्यात पोटातच गेली होती. ती घरी येईपर्यंत आमच्या लोकांनी झबली, दुपटी, आजीने जुन्या लुगड्याची शिवलेली गोधडी, सगळं घरातून हलवलं. तिला दिसायला नको म्हणून. मुलीला बघायचंय का, हातात घ्यायचंय का, हेही तिला कुणी विचारलं नव्हतं. त्रास होईल म्हणून. सगळे मायेनेच वागले, यात शंका नाही. पण वजन किती, हा प्रश्न ती पाच वर्षांनी एका बाहुलीबद्दल विचारत होती.

मी फोटो डिलीट केला. उपयोग शून्य, सगळ्यांनी बघून झाला होता.

दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंना आडून आडून विचारलं, तुम्ही हे का जमवता? माझ्या मनात उत्तर तयार होतं. त्या म्हणाल्या, "तुलाही तेच वाटतंय ना? माझं एखादं मूल गेलं असणार. तसं काही नाही रे. तीन मुलगे आहेत, तिघेही धडधाकट, रविवारी फोन करतात. लोकांना हे सांगितलं की ते जरा निराशच होतात. मला या आवडतात, म्हणून जमवते."

मी गप्प. कारण मीही निराशच झालो होतो. दुःख असतं तर माझ्यासारख्याला 'समजून घेता' आलं असतं, मोठ्या मनाने. नुसती आवड म्हटल्यावर समजून घेण्यासारखं काही उरलं नाही.

आता बघा, माझा एक टीममेट मेकॅनिकल कीबोर्ड जमवतो. नऊ आहेत. दुसरा खेळण्यातल्या गाड्या जमवतो, खोक्यातून बाहेरसुद्धा काढत नाही. आम्ही त्यांना 'शौकीन' म्हणतो. बाई बाहुल्या जमवते तर पहिला प्रश्न, हिला झालंय तरी काय? ब्रिटनच्या चॅनल फोरने २००८ साली या बायकांवर माहितीपट केला, त्याचं नावच 'माय फेक बेबी'. गाड्यांच्या शौकिनांवर कुणी 'माझी खोटी गाडी' नावाचा माहितीपट काढलेला मला तरी माहीत नाही :)

आणि आपण तरी काय करतो? आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात पितळेचा रांगता बाळकृष्ण होता. त्याला रोज कोमट पाण्याने आंघोळ, लोणी-साखर, गोकुळाष्टमीला पाळणा. उत्तरेत तर लाडू गोपाळला थंडीत स्वेटर घालतात. ही तुलना तंतोतंत नाही, मान्य. तिथे श्रद्धा आहे, सगळं गाव सोबत आहे. आणि पितळ हे पितळच दिसतं, ते बाळ असल्याचं नाटक करत नाही. पण जीव नसलेल्या मूर्तीला जीव लावणं हेच जर वेडेपण असेल, तर आजीपासून सुरुवात करावी लागेल.

इथपर्यंत लिहून मी म्हणू शकलो असतो, की माझं मतपरिवर्तन झालं, आता मला या बाहुल्या छान वाटतात. तसं नाही. मला अजूनही त्या खोलीत एकटं बसायला नको वाटतं. आणि काही गोष्टी खरंच खुपतात.

पहिली, धंद्याची भाषा. विक्री म्हणायचं नाही, 'दत्तक' म्हणायचं. दुकान म्हणजे 'नर्सरी'. सोबत जन्मदाखला. आपल्या बाळाचा फोटो पाठवा, तसंच करून देतो, हीही सोय असते. शौकिनाला यातली गंमत कळते. पण जिचं बाळ गेलंय आणि रात्री दोन वाजता जी फोनवर बोटं फिरवतेय, तिच्यासाठी हे शब्द गंमत नाहीत. त्यात कलाकारांचे फोटो चोरून भलतंच काहीतरी पाठवणारे भामटे वेगळेच.

दुसरी गोष्ट, ही बाळं काही मागत नाहीत. रडत नाहीत, मोठी होत नाहीत, उलट बोलत नाहीत. कीबोर्डही काही मागत नाही, पण त्याचा चेहरा बाळाचा नसतो. वृद्धाश्रमांत स्मृतिभ्रंश झालेल्यांना अशी बाहुली दिली की काहीजण शांत होतात, आणि त्यावरही वाद आहेच, की हा आधार आहे की म्हाताऱ्या माणसाला फसवणं. मला दोन्ही बाजू पटतात. हे उत्तर नाही, ठाऊक आहे.

तिसरी, घराबाहेरचं जग. २०१६ साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात कीन नावाच्या गावी, बंद गाडीत बाळ दिसलं म्हणून पोलिसाने काच फोडली आणि श्वास सुरू करायची धडपड केली. ती बाहुली होती. मला त्या पोलिसाचं हसू येत नाही. माझा हात मानेखाली गेला, त्याचा काचेवर गेला. त्याने बरोबरच केलं. गाडीत बाहुली ठेवताना मालकाने एक चिठ्ठी लावावी, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे.

२०२५ साली ब्राझीलमध्ये हे प्रकरण पार राजकारणात गेलं. बाहुली दाखवून रांगेत किंवा दवाखान्यात अग्रक्रम मागणाऱ्यांना दंड करा, अशी विधेयकं आली. रिओच्या नगर परिषदेने बाहुल्या घडवणाऱ्या कलाकारांच्या सन्मानाचा दिवस मंजूर केला, तो महापौरांनी फेटाळला. सगळ्या देशाला हसायला विषय मिळाला. आणि त्याच जूनमध्ये बेलो ओरिझोन्ते शहरात एका माणसाने चार महिन्यांच्या बाळाला डोक्यात फटका मारला. त्याचं म्हणणं, मला ती बाहुली वाटली.

ते बाळ खरं होतं.

मला या दोन घटना शेजारी ठेवाव्याशा वाटतात. एकाने बाहुलीला बाळ समजून काच फोडली. एकाने बाळाला बाहुली समजून हात उगारला. चूक दोघांचीही ओळखण्यातच झाली. पण दुसऱ्याच्या मनात आधीपासून ठरलेलं होतं, की बाहुली घेऊन फिरणारीला फटका मारला तरी चालतो. हे चेष्टेतूनच ठरत जातं. माझ्या फोटोखालचे हसरे चेहरे त्याच चेष्टेतले होते, असं म्हटलं तर जरा जास्त होईल. पण थोडं.

तर माझं मत, जे काय आहे ते असं. विचित्र वाटणं हा रिफ्लेक्स आहे, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो तसा. त्यावर माझा ताबा नाही आणि त्याची लाजही नाही. पण रिफ्लेक्स म्हणजे निकाल नव्हे. 'मला कसंतरी होतं' आणि 'ही बाई चुकतेय' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि मी आयुष्यभर एकाच्या जोरावर दुसरं बोलत आलोय. बाहुली रांगेत दुसऱ्याची जागा मागत नाही, तोवर तिच्या मालकिणीने मला कारण देणं लागत नाही. दुःखाचं नाही, आवडीचंही नाही.

ओहायो सोडताना बाईंनी चौदांमधली कुठली आवडली, असं विचारलं. मी म्हटलं, खरं सांगू, एकही नाही. त्या म्हणाल्या, "चालेल. ती ओव्हनवाली तेवढी वर आणून ठेव, माझे गुडघे दुखतात." मी आणली. मानेखाली हात धरूनच.

हे लिहू का, असं वहिनीला फोन करून विचारलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिही. वाचून दाखव फक्त." वाचून दाखवलं. वर जिथे तिचा उल्लेख आहे, तिथे मी आधी 'बाळ पोटातच गेलं' असं लिहिलं होतं.

"बाळ नको लिहूस," ती म्हणाली. "मुलगी होती."

तेवढं बदललंय.