बोईसरच्या फिजिओला अडलं, तर विचारायचं कोणाला?

तारापूर एमआयडीसीत एका कामगाराचा हात मशीनमध्ये सापडला, असं समजा. टाके निघाले, हाड जुळलं, पण मूठ वळत नाही. इथून पुढचं काम फिजिओथेरपिस्टचं. हा हात पुन्हा कामाला लागणार का, हे बऱ्याच अंशी पुढच्या काही आठवड्यांत ठरतं. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात फिजिओ अडला तर बाजूच्या सीनियरला विचारतो. बोईसरमधल्या एका खोलीच्या क्लिनिकमध्ये बाजूला कोणीच नसतं.

पदव्युत्तर फिजिओथेरपीत हाडं-स्नायू, मज्जासंस्था, हृदय-फुप्फुसं, क्रीडा अशा वेगवेगळ्या शाखा आहेत. पण छोट्या गावात मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडेही गुडघे आणि कंबरच जास्त येतात. शिकलेलं हळूहळू गंजतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओंनी नावाआधी 'डॉ.' लावू नये, असं पत्र केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. त्यावर सोशल मीडिया पेटला. पदवीनंतर शिकत कसं राहायचं, यावर मात्र कोणी भांडलं नाही!

उपाय नवा नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये 'प्रोजेक्ट एको' सुरू केला. खेड्यातले डॉक्टर ठरलेल्या वेळी व्हिडिओवर आपले हेपेटायटिस सीचे रुग्ण मांडायचे, तज्ज्ञ आणि बाकीचे डॉक्टर त्यावर बोलायचे. २०११ च्या अभ्यासात या डॉक्टरांच्या उपचारांचे निकाल विद्यापीठाच्या क्लिनिकइतकेच चांगले निघाले.

मग पालघर-बोईसरला हे जमेल का? अंतराची अडचण नाही, दोन्हींच्या मध्ये उमरोळी हे एकच स्टेशन. अडचण माणसांची आहे. समोरचा फिजिओ म्हणजे धंद्यातला स्पर्धक, त्याच्यासमोर 'माझा रुग्ण सुधारत नाहीये' असं कोण म्हणेल? म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुपवर यशाचे व्हिडिओ येतात, मग शुभ सकाळ, मग शांतता. मला वाटतं, पहिली फसलेली केस गटातल्या सर्वात अनुभवी माणसानेच मांडायला हवी. तरच नवे बोलतील.

गुप्ततेचंही बघावं लागेल. बोईसरमध्ये नाव झाकलं तरी 'अमुक कारखाना, उजवा हात' एवढ्यावर माणूस ओळखला जातो, आणि त्याची नुकसानभरपाई अजून अडकलेली असू शकते. त्यामुळे रुग्णाची परवानगी आधी, चर्चा नंतर.

बाकी नियम साधे: वार ठरलेला, एका वेळी एकच केस, आणि तीन महिन्यांनी त्याच रुग्णाची मूठ वळली का, हे गटाला येऊन सांगायचं.