स्वग्रामीं परतणारांचें पहिलें काम

पोटासाठीं वर्षानुवर्षें परगांवीं राहून स्वग्रामीं परतलेला गृहस्थ प्रथम काय करतो? पारावर बसून उपदेश करूं लागतो. आम्हींही तेंच केलें. बांध कां फुटला, विहिरींतला गाळ कां काढला नाहीं, असें धाकट्या बंधूस विचारतां तो शांतपणें म्हणाला, "दादा, सात-बारा अजून आबांच्याच नांवें आहे. सोसायटी पीककर्ज देईल तर कोणास?"

सारा जन्म महसूल खात्यांत कारकुनी करून परक्यांचे फेरफार आम्हीं तपासले, आणि वडिलांस जाऊन अकरा वर्षें झालीं तरी घरची वारस-नोंद राहिलीच! वारशानें हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्यास वर्दी द्यावी, हें सन १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचें कलम १४९ आम्हांस मुखोद्गत होतें. बंधूनें मात्र तीं वर्षें सावकाराच्या दारीं काढलीं.

म्हणून आमचें मत असें कीं, परतणारानें ट्रंक उघडण्यापूर्वीं आपला सात-बारा व आठ-अ पाहावा, आणि वारसांत बहिणीचें नांव वगळूं नये. आम्हीं तें घालतांच वडीलधाऱ्यांनीं 'हक्कसोड लिहून घ्या' असा सल्ला दिला. (हे सल्लागार आमच्या कचेरींतही रोज येत!) हिंदु वारसा कायद्याच्या सन २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत कन्येस पुत्राइतकाच हक्क दिला आहे. बहिणीनें आपखुषीनें सोडला तर गोष्ट निराळी. आम्हीं तो मागणार नाहीं.

अर्ज दिला आहे. फेरफार मंजूर होईपर्यंत पारावर जाणें आम्हीं बंद ठेविलें आहे.