मणक्यात 'गॅप' पडत नसतो!

राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यात दर आठवड्याला चार-पाच पेशंट पिशवीतून एमआरआयची फिल्म काढतात आणि सांगतात, "डॉक्टर, मणक्यात गॅप पडलाय." हा शब्द त्यांना दिला कुणी? आम्हा डॉक्टरांनीच. 'गॅप' नावाचा आजार वैद्यकशास्त्रात नाही. वयानुसार दोन मणक्यांमधली चकती सुकते, चपटी होते, म्हणजे मधली जागा उलट कमी होते. पण 'गॅप' ऐकलं की माणूस धास्तावतो, वाकायचं सोडतो, महिनोन् महिने पट्टा बांधून बसतो.

पाठदुखी अजिबात नसलेल्या ३,११० लोकांच्या एमआरआय आणि सीटी स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. २० वर्षांच्या ३७ टक्के आणि ५० वर्षांच्या ८० टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या. दुखत मात्र काहीच नव्हतं! पन्नाशी मीही ओलांडली आहे. माझी फिल्म काढली तर काय दिसेल याचा अंदाज तुम्हीच करा.

म्हणजे तुमची वेदना खोटी, असं नाही. "रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत," असं सांगून पेशंटला वाटेला लावणारे डॉक्टर तितकेच चुकतात. वेदना फिल्मवर दिसत नाही, कारण ती मज्जासंस्थेत तयार होते, आणि मज्जासंस्था म्हणजे दारावरच्या बेलची वायर नव्हे.

खासबागच्या मैदानात लढत रंगात असताना पैलवानाचं बोट मुरगळतं, ते त्याला रात्री जेवायला बसल्यावर कळतं. इजा तीच, मग वेदना इतका वेळ कुठे होती? मेंदू मज्जारज्जूकडे उलटे संदेश पाठवतो आणि खालून येणारी खबर तिथेच दाबतो. यात शरीरात तयार होणारी अफूसारखी रसायनंही कामाला येतात. तालमीत मुका मार लागला की जागा चोळतात, त्यालाही शास्त्र आहे. ठणका वाहणाऱ्या बारीक नसा संदेश नेतात सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर वेगाने. स्पर्शाच्या जाड नसा कितीतरी पट वेगवान, आणि मज्जारज्जूत त्या ठणक्याची वाट अडवतात. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला 'गेट कंट्रोल' सिद्धांत तो हाच. तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या, गाभा टिकला.

हे दार उलटंही फिरतं. भीती, अपुरी झोप, हालचाल बंद, आणि दुखणं महिनोन् महिने चाललेलं, की मज्जारज्जूतल्या पेशी हळव्या होतात. मग साधा स्पर्शही टोचतो. अशा पेशंटच्या कानावर 'गॅप' घालणं म्हणजे उघड्या दाराला टेकू लावणं! वर डायक्लोफेनॅकच्या गोळ्या वर्षानुवर्षं. त्या सूज उतरवतात, हळव्या झालेल्या पेशींवर त्यांचा फारसा उपयोग नाही, आणि किंमत मोजतात जठर व किडनी.

लघवी-संडासवरचा ताबा गेला, पायातली शक्ती कमी झाली, ताप किंवा वजन घटण्याबरोबर पाठ दुखू लागली, किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असेल, तर एमआरआय लागतो, आणि ताबडतोब लागतो. बाकीच्यांनी पुढच्या वेळी फिल्म पिशवीतच ठेवा. झोप किती लागते आणि चालायचं कधीपासून सोडलंत, ते मला आधी सांगा.