शुद्ध आहे, पण एकेरी की दुहेरी?

प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचे एखादे प्रथिन अभ्यासायचे झाले, तर ते रक्तातून वेगळे काढण्याची खटपट आता सहसा कुणी करत नाही. पुनःसंयोजित प्रथिनाची कुपी मागवली जाते, सोबतच्या कागदावर ९५ टक्क्यांहून अधिक शुद्धता छापलेली असते, जेलवर एकच ठळक पट्टा दिसतो आणि काम सुरू होते. शुद्धता हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण तेवढी चौकशी पुरेशी मानण्याची सवय किती महाग पडू शकते, हे ग्लायकोप्रोटीन-६ या कोलॅजेनच्या रिसेप्टरकडे पाहिले की कळते.

१९९९ मध्ये क्लोन झालेले हे प्रथिन फक्त प्लेटलेट आणि त्यांच्या जनक मेगाकॅरिओसाइट पेशींवर आढळते. त्याच्या बाहेरच्या भागात इम्युनोग्लोब्युलिनसारखी दोन क्षेत्रे असतात आणि कोलॅजेन तिथेच चिकटते. प्रयोगशाळेत हा बाहेरचा भाग दोन प्रकारे बनवतात: एकेरी, किंवा अँटिबॉडीच्या एफसी शेपटीला जोडून दुहेरी. जेलमध्ये उकळून चालवले की दोन्ही सारखीच स्वच्छ दिसतात. कोलॅजेनच्या तंतूंपुढे मात्र दुहेरी रूप घट्ट बसते आणि एकेरी जवळजवळ निसटते. २००२ मध्येच हे दाखवले गेले. त्यातली मेख अशी, की रॅटलस्नेकच्या विषातले कन्व्हल्क्सिन एकेरी रूपालाही चांगले धरते. त्यामुळे ‘कन्व्हल्क्सिनला चिकटते, म्हणजे प्रथिन कार्यक्षम आहे’ या प्रमाणपत्रावर विसंबून कोलॅजेनचा प्रयोग मांडला, तर नकारात्मक निकाल हाती येईल आणि दोष कोलॅजेनवर जाईल.

फायब्रिनच्या प्रकरणात हा गोंधळ थेट छापील वाङ्मयात उतरला. फायब्रिनही याच रिसेप्टरमार्फत प्लेटलेटना चेतवते, असे २०१५ मध्ये दोन गटांनी मांडले. २०१७ मध्ये एका गटाने बंध एकेरी रूपाशी असल्याचे म्हटले. २०१८ मध्ये एका गटाला दुहेरी रूप कोलॅजेनला चिकटते, फायब्रिनला नाही असे आढळले. त्याच वर्षी दुसऱ्याने दुहेरी रूपच फायब्रिन ओळखते असे सांगितले. यातले कुणी निष्काळजी होते असे मानण्याचे कारण नाही. प्रथिनाची बांधणी, फायब्रिन तयार करण्याची रीत आणि मोजणीची पद्धत बदलली की उत्तरही बदलत होते, आणि या गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय वाद सुटण्यासारखा नव्हता.

यावर काहीजण म्हणतील, की मग थेट प्लेटलेटच वापराव्यात. शेवटचा पडताळा तिथेच व्हायला हवा, हे मान्य. पण प्लेटलेटवर कोलॅजेनला धरणारा अल्फा-२ बीटा-१ हा इंटिग्रिनही असतो, दात्यागणिक प्रतिसाद बदलतो आणि हाताळतानाच पेशी चेतवल्या जातात. एकाच रिसेप्टरचा एकाच रेणूशी असलेला बंध मोजायला सुटे प्रथिनच लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एफसी शेपटीने जुळवलेली जोडी कृत्रिमच नव्हे का? आहे. शिवाय मानवी प्लेटलेटवर एफसी ओळखणारा रिसेप्टर आधीच असतो, म्हणून त्याच तीव्रतेचे नुसते एफसी घेऊन तुलनेचा प्रयोग केल्यावाचून अशा निकालाला अर्थ नाही. तो खर्च वाचवण्याजोगा नाही. उलट एकेरी प्रथिनही निर्धोक समजू नये. वारंवार गोठवून वितळवले तर त्याचे पुंजके होऊ शकतात, आणि पुंजका बहुबंधी रेणूसारखा वागतो. उकळलेल्या जेलवर तो दिसणार नाही. आकारानुसार वेगळे करणारा स्तंभ लागतो. साखळीवरची साखरही लक्षात घ्यायला हवी, कारण ई. कोलाय ती सस्तन पेशींसारखी चढवत नाही.

लहान प्रयोगशाळेला एवढे परवडेल का, हा प्रश्न रास्त आहे. सगळ्या चाचण्या प्रत्येकाने कराव्यात असा आमचा आग्रह नाही. पण प्रथिन कोणत्या पेशीत बनले, साखळीचा कोणता तुकडा घेतला, शेपटी कोणती, एकेरी की दुहेरी आणि कितव्यांदा वितळवले, हे लिहायला पैसे लागत नाहीत. या मासिकाकडे येणाऱ्या लेखांच्या पद्धती-विभागात यापुढे ही माहिती मागितली जाईल. विक्रेत्याचे नाव आणि कॅटलॉग क्रमांक एवढ्यावर भागणार नाही; कागदावर माहिती नसेल, तर ती विक्रेत्याकडून लेखी मागवून घ्यावी.