जुनी दुर्बीण भंगारात काढण्यापूर्वी

गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत कापडाखाली झाकलेली आठ इंची परावर्ती दुर्बीण अजूनही काही ठिकाणी सापडते. बऱ्याचदा कुणीतरी महिनोन्‌महिने काच घासून तिचा आरसा हाताने तयार केलेला असतो. पुढे आरसा काळवंडतो, मोटर बंद पडते आणि 'हिला काढून टाकू, नवी संगणकीकृत घेऊ' असा विचार सुरू होतो. हा निर्णय बहुधा घाईचा ठरतो.

दुर्बिणीतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे आरशाच्या काचेला दिलेला अन्वस्ताचा आकार. चांगल्या आरशात हा आकार मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही अधिक अचूक असतो आणि काच सांभाळली, तर अनेक दशके तो बदलत नाही. खराब होतो तो काचेवरचा ॲल्युमिनियमचा मुलामा. त्याची जाडी केसाच्या साधारण हजाराव्या भागाइतकी असते. दमट हवा, धूळ आणि बुरशी त्याला खातात. कोकणात किंवा मुंबईत तर लवकरच. मुलामा पुन्हा चढवणे ही दुर्बिणीची नेहमीची देखभालच आहे. पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीच्या आरशालाही ती चुकलेली नाही.

थोडा हिशेब करून पाहावा. नवा मुलामा सुमारे ८८ टक्के प्रकाश परत पाठवतो. न्यूटन पद्धतीच्या दुर्बिणीत आरसे दोन, म्हणून हाती येतो सुमारे ७७ टक्के. मुलामा जुना होऊन प्रत्येक आरसा ७५ टक्क्यांवर आला, तर उरतो ५६ टक्के. तरीही ही मंदावलेली आठ इंची दुर्बीण कोऱ्या साडेचार इंची दुर्बिणीच्या दुपटीहून अधिक प्रकाश डोळ्यापर्यंत पोचवते.

तेव्हा खर्च करण्याआधी तपासणी हवी. आरसे जुळवून घ्यावेत, दुर्बीण बाहेरच्या हवेत थंड होऊ द्यावी आणि एखादा ठळक तारा फोकसच्या किंचित आत व किंचित बाहेर पाहावा. दोन्हीकडे सारखी गोल वलये दिसली, तर काच उत्तम आहे. मग आरसा निर्वात कक्षात मुलाम्यासाठी पाठवावा. तोवर तो फडक्याने पुसू नये. धुळीच्या कणांनी मुलाम्यावर ओरखडे पडतात. बंद मोटर बदलता येते. जुन्या बैठकीची भक्कम दंतचक्रे शाबूत असतील, तर त्यांना नवी स्टेपर मोटर जोडता येते.

अर्थात जुने ते सारेच जपावे असे नाही. काचेला तडा गेला असेल, वलये वेडीवाकडी दिसत असतील किंवा बैठक इतकी जड असेल की ती हलवायला चार माणसे लागतात, तर बदल करावा. शहरातल्या उजळलेल्या आकाशाखाली हलवता न येणाऱ्या मोठ्या दुर्बिणीपेक्षा गाडीत मावणारी लहान दुर्बीण अधिक वापरली जाते. छायाचित्रणच करायचे असेल, तर नवी बैठक घेणे शहाणपणाचे.

पण यंत्र बिघडले म्हणूनच दुर्बीण बंद पडते असे नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. यंत्र तेच होते, पुण्यात ते चालवणारा माणूस उरला नव्हता.

शाळांनी आणि हौशी मंडळांनी म्हणून आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे : दर महिन्याच्या अमावास्येला ही दुर्बीण उघडणार कोण? तो माणूस असेल, तर जुनी दुर्बीण दुरुस्त करणे सार्थकी लागते. तो नसेल, तर नवी दुर्बीणही दोन पावसाळ्यांत त्याच कापडाखाली जाते.