आकड्यांना प्रश्न विचारावयास शिका



आपली मुले-मुली आज महाविद्यालयांत समाजशास्त्र व अर्थशास्त्र शिकतात. परंतु संख्याशास्त्राचा विषय आला की पुष्कळजण तो टाळतात. हे योग्य नव्हे. आपल्याविषयीचे निर्णय आकड्यांवरून होतात. ज्याला आकडे वाचता येत नाहीत, त्याला दुसऱ्याच्या हिशेबावर विसंबून राहावे लागते.

एक उदाहरण पाहा. महाराष्ट्रातील अनुसूचित जातींची संख्या १९८१ च्या जनगणनेत सुमारे ४५ लक्ष होती. १९९१ मध्ये ती ८७ लक्षांच्या वर गेली. दहा वर्षांत एवढी माणसे जन्मास आली काय? नाही. १९९० साली कायदा बदलला आणि अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचीही त्या वर्गात गणना होऊ लागली. वाढीचे मुख्य कारण हेच. माणसे तीच, मोजण्याची व्याख्या निराळी!

म्हणून कोणताही आकडा समोर आला की विचारा : कोणाला मोजले? कोणत्या व्याख्येने? कशाच्या प्रमाणात? बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवरील आपल्या निबंधात हीच दृष्टी ठेवली होती. शेत किफायतशीर आहे की नाही हे केवळ त्याच्या आकारावरून ठरत नाही. भांडवल व श्रम यांच्याशी त्याचे प्रमाण पाहावे लागते, असे त्यांनी दाखवून दिले.

तेव्हा मुलीने हा विषय निवडला तर ‘अवघड आहे’ म्हणून तिला मागे ओढू नका. आपल्या वस्तीची पहिली पाहणी तिच्याच वहीत होऊ द्या.